पोट रिकामं, भट्टी मंद

शेतकरी बंधूंनो, वैरण आटली की दावणीचं जनावर हालचाल कमी करतं. आपल्या पेशीही तेच करतात. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-४ हे संप्रेरक सोडते. त्यात आयोडीनचे चार अणू. एक निघाला की टी-३ होतं आणि पेशीतली भट्टी पेटते. पण उपासमारीत किंवा मोठ्या आजारात शरीर वेगळ्याच जागचा अणू काढतं. मग होतं ‘रिव्हर्स टी-३’. दिसायला टी-३चा जुळा भाऊ, कामाला जवळपास शून्य! भट्टी मंदावते, अंगातली साठवण जास्त दिवस पुरते. उपाशी शरीराची ही काटकसरच म्हणा ना.

दोन अणूंचं टी-२ही असतं. उंदरांत त्यानं पेशींचा ऊर्जाखर्च वाढलेला दिसला. माणसाबाबत पक्का पुरावा नाही. तरी वजन उतरवायला त्याच्या गोळ्या विकतात! घेऊ नका. शेजारणीची थायरॉइडची गोळी तर नकोच. जादा झाली की छातीत धडधड, हाडं ठिसूळ. थकवा वाटला तर आधी रक्तातलं टीएसएच तपासा.

या सगळ्यांचा कच्चा माल आयोडीन. सरपंच, भाऊसाहेब, खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला मे २००६ पासून बंदी आहे. गावातल्या दुकानात खडेमीठ कुठलं येतं, एकदा पिशवी उलटून बघा.