गोणपाटाखालचा सिलिंडर

गेल्या दिवाळीत अमेरिकेतल्या माझ्या नातवाने शाळेच्या पिवळ्या बसचा फोटो पाठवला. बसच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, पत्त्यांतल्या चौकटसारखी एक छोटी काळी पट्टी होती आणि तिच्यावर इंग्रजीत 'प्रोपेन' असे लिहिलेले. "आजोबा, आमची बस गॅसवर चालते," त्याने फोनवर मोठ्या ऐटीत सांगितले. मी तो फोटो इकडच्या नातीला दाखवला. ती हिंगोलीत चौथीत आहे. तिला त्यात नवल वाटले नाही. म्हणाली, "आमची व्हॅनपण गॅसवरच चालते की! काका सिलिंडर मागच्या सीटखाली ठेवतात. वर गोणपाट असतं, त्याच्यावर आम्ही पाय ठेवतो."

त्या रात्री मला झोप आली नाही.

प्रोपेन ही काही परदेशी चीज नव्हे. आपल्या स्वयंपाकघरातल्या लाल सिलिंडरात जो 14.2 किलो वायू असतो, तो प्रोपेन आणि ब्युटेन यांचेच मिश्रण. थंड मुलखात निव्वळ प्रोपेन वापरतात, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वायुरूप व्हायला नकार देतो. प्रोपेन मात्र उणे 42 अंशांपर्यंत कुरकुर करीत नाही. मे महिन्यात कयाधूचे पात्र जिथे तव्यासारखे तापते, तिथे ही अडचण येण्याचे कारण नाही. आपले मिश्रण इंजिनाला पुरते.

अमेरिकेत हजारो शाळाबसेस प्रोपेनवर गेल्या, त्या मुख्यत्वे डिझेलच्या धुराला कंटाळून. डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 साली दिला. बस शाळेच्या दारात इंजिन चालू ठेवून उभी राहते आणि तिचाच धूर तिच्याच खिडक्यांतून आत येतो. मुलांची फुप्फुसे वाढीची.

तरी डिझेलला मी सरसकट नावे ठेवणार नाही. मानव विकास कार्यक्रमातल्या एस.टी.च्या निळ्या बसेस आपल्या जिल्ह्यातही आल्या आणि सातवीनंतर घरी बसणाऱ्या कितीतरी मुली त्या बसच्या पायरीवरून हायस्कुलात पोहोचल्या. त्या गाड्या डिझेलच्याच. पोरीला शाळेत नेणाऱ्या बसचा धूर मोजायला आपण नंतर बसू. आधी ती बस वेळेवर येऊ द्या.

माझा प्रश्न व्हॅनचा आहे. वाहनात हा वायू वापरायला 2000 सालच्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने परवानगी मिळाली. पण त्याची रीत आहे. टाकी जाड पोलादाची, गाडीच्या सांगाड्याला घट्ट आवळलेली. ती 80 टक्के भरली की झडप आपोआप बंद होते, कारण उन्हात द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. नळी तुटली तर दुसरी झडप वायू अडवते. गळती झालीच तर वायू गाडीबाहेर जाईल अशी वाट ठेवलेली असते. घरच्या सिलिंडरला यातले काही नसते. तो ओट्याखाली स्थिर उभा राहण्यासाठी केलेला आहे. त्यातून हा वायू हवेहून जड. गळला तर वर न जाता तळाशी साचतो, म्हणजे मुलांच्या पायांपाशी.

जळगावला 5 नोव्हेंबर 2024 रोजी एका व्हॅनमध्ये असाच बेकायदा गॅस भरताना स्फोट झाला. गाडीतल्या कुटुंबासह कित्येक जण होरपळले आणि त्यातल्या काहींनी पुढे दवाखान्यात प्राण सोडले.

मी दुसऱ्या दिवशी व्हॅनवाल्याला गाठले. तिशीतला सालस माणूस. मुलांना हात धरून उतरवतो, एकालाही कधी रागावत नाही. त्याने काही लपवले नाही.

"साहेब, पेट्रोलवर परवडत नाही. बारा लेकरं, त्यातल्या चौघांचे पैसे दोन-दोन महिने येत नाहीत. पंपावरच्या गॅसचं म्हणाल, तर आपल्या रस्त्यावर पंप दाखवा, मी उद्या टाकी बसवतो."

मी करांचे गणित मनात मांडले. घरगुती सिलिंडरवर वस्तू व सेवा कर 5 टक्के, वाहनाच्या गॅसवर 18 टक्के. नियमाने वागणाऱ्याला महाग आणि गोणपाट टाकणाऱ्याला स्वस्त. मी पुढे काही बोलणार, तोच तो हसून म्हणाला, "आमच्या बापाची पहिली व्हॅन तुमच्याच सहीची हाय."

खरे होते. स्वयंरोजगाराची अशी कितीतरी प्रकरणे मी मंजूर केली. कोटेशन, जामीनदार, मार्जिन मनी सगळे तपासायचो. पेट्रोलचा खर्च धरला की हप्ता बसत नसे. मग मीच अर्जदाराला सांगायचो, फेऱ्या वाढवून लिहा, मुले वाढवून लिहा. कागदावर नफा निघे. नंतर हप्ते नियमित यायचे आणि वरिष्ठ पाठ थोपटायचे. पेट्रोलवर न परवडणारी गाडी नेमकी कशावर चालते आहे, हे मी एकदाही विचारले नाही. बारा वर्षे माझ्या कथा-कादंबऱ्यांतून गरिबांचे हिशेब मांडत होतो आणि टेबलावरचा हिशेब मात्र मला वाचता आला नाही.

पालकांना बोलावले. सातजण आले. दरमहा थोडे जास्त देऊ, तुम्ही गाडी पेट्रोलवर चालवा, असे मी सुचवले. एक गृहस्थ म्हणाले, "इतकी वर्षं काही झालं नाही ना?" दोघांनी मान डोलावली. शाळेने सांगितले, वाहनाची व्यवस्था पालकांची, आमचा संबंध नाही. तक्रार करावी, तर त्या पोराची गाडी जप्त होते आणि बारा मुले दुसऱ्या व्हॅनमध्ये बसतात. तिच्या सीटखाली काय आहे, ते मी पाहिलेले नाही.

सोमवारपासून नातीला मी स्कूटरवर सोडतो. नाक्यावर रोज ती व्हॅन आमच्या पुढे जाते. मागच्या काचेतून तिची मैत्रीण हात हलवते आणि नात मला विचारते, "आजोबा, ती का नाही येत आपल्याबरोबर?"