माहिती चौकट : समुद्राचा ताप, प्रवाहाचा वेग

सुरुवात : १७७५ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी जहाजावरून थर्मामीटरने ‘गल्फ स्ट्रीम’ या सागरी प्रवाहाचे तापमान मोजले. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या मोहिमेने (१८७२–७६) खोल पाण्याच्या नोंदी जगभर घेतल्या.

पृष्ठभागाचे तापमान :
- बादली : वर काढलेले पाणी बाष्पीभवनाने निवते, नोंद किंचित कमी येते.
- इंजिनाकडे खेचलेले पाणी : यंत्राच्या उष्णतेने नोंद किंचित जास्त येते.
- विमान : इन्फ्रारेड उपकरण फक्त वरचा अतिपातळ थर मोजते. ढग आड आल्यास अडथळा.

खोलीवरचे तापमान :
- एक्सबीटी (एकदाच वापरायचे तापमापक) : चालत्या जहाजावरून टाकतात. तांब्याच्या बारीक तारेतून माहिती येते. खोली ही उपकरण खाली जाण्यास लागलेल्या वेळेवरून काढतात. उपकरण परत मिळत नाही.
- विमानातील एक्सबीटी : पॅराशूटने उतरते, तरंगणारा भाग रेडिओने माहिती पाठवतो. चक्रीवादळाच्या अभ्यासात उपयुक्त.
- सीटीडी (क्षारता-तापमान-खोली मापक) : थांबलेल्या जहाजावरून केबलने सोडतात. क्षारता व तापमान मोजते. खोली दाबावरून कळते.

प्रवाह :
- जुनी रीत : जहाजाचे अपेक्षित आणि प्रत्यक्ष स्थान यांतील फरक.
- एडीसीपी (ध्वनीने प्रवाह मोजणारे उपकरण) : ध्वनिलहरी प्लवक व कणांवरून परततात; वारंवारतेतील बदलावरून वेग व दिशा.
- वेगाचे एकक : १ नॉट = ताशी १.८५२ किमी.

भारतात : राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, दोना पावला (गोवा), स्थापना १ जानेवारी १९६६.