दीड मिनिटाचे गाणे

जपानी दूरचित्रवाणीवरील चित्रमालिकांना, म्हणजे आता सर्वत्र ‘ॲनिमे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराला, प्रारंभी एक आणि अखेरीस एक अशी दोन गाणी जोडण्याची रीत आहे. या गाण्यांसाठी ‘ॲनिमे’ आणि ‘साँग’ या शब्दांची काटछाट करून जपानी भाषेने ‘ॲनिसोन’ असा स्वतंत्र शब्दच घडवला आहे. प्रत्येक गाण्याच्या वाट्याला जेमतेम दीड मिनिट येते. पण तेच दीड मिनिट ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी महिनोन्‌महिने कानांवर पडत राहिल्यामुळे कथानक पुसट झाले तरी चाल मात्र प्रौढपणीही जशीच्या तशी आठवते. ही गाणी चिरकाल लक्षात राहावीत म्हणून नव्हे, तर दुकानाच्या पाटीसारखी लांबून ओळखू यावीत म्हणून रचली गेली, आणि ती टिकली याचे बरेचसे श्रेय या पाटीपणालाच द्यावे लागते.

ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोम’ ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्या आरंभी केवळ वाद्यसंगीत वाजत असे. तात्सुओ ताकाई यांच्या त्या चालीवर पुढे शुंतारो तानिकावा यांनी शब्द बसवले. तानिकावा हे आधुनिक जपानी कवितेतले अग्रगण्य नाव, आणि अशा कवीने यंत्रमानव मुलाच्या मालिकेसाठी गाणे लिहिण्यात कमीपणा मानला नाही, ही गोष्ट नंतरच्या ॲनिसोनच्या दर्जाविषयी बरेच काही सांगून जाते. तेझुकांच्या कथेत आतोमचा जन्म ७ एप्रिल २००३ रोजी तोक्योच्या ताकादानोबाबा भागात होतो. ते वर्ष प्रत्यक्षात उजाडले तेव्हा तेथील रेल्वे स्थानकावर गाडी सुटण्याची सूचना म्हणून हीच धून वाजू लागली, तीही पहिल्यासारखीच बिनशब्दांची. त्याच १९६३ साली आलेल्या ‘तेत्सुजिन २८-गो’च्या गाण्यात मात्र पाटी अगदी उघडपणे टांगलेली होती, कारण त्याच्या शेवटी मालिकेची प्रायोजक असलेल्या ग्लिको या गोळ्या-बिस्किटांच्या कंपनीचे नाव चक्क सुरात घोळवले जाई. जाहिरात कोठे संपते आणि गाणे कोठे सुरू होते, हा प्रश्न ते गाणे गुणगुणणाऱ्या मुलांना पडण्याचे कारण नव्हते.

या परंपरेला स्वतःचा आवाज मिळाला तो १९७२ च्या ‘माझिंगर झेड’पासून. मिचिआकी वातानाबे यांच्या संगीतात पितळी वाद्यांचा गजर होता, आणि इचिरो मिझुकी यांनी यंत्रमानवाचे नाव रणगर्जनेसारखे उच्चारले. नावातले शेवटचे ‘झेड’ हे अक्षर लांबवून गर्जण्याची त्यांची लकब पुढे त्यांची ओळखच बनली. चाहते त्यांना ‘आनिकी’ म्हणत. जुन्या मराठी वळणाने सांगायचे तर ‘दादा’. नायकाचे नाव पुन्हापुन्हा घेणारे असे गाणे मोठ्यांना बाळबोध वाटू शकते, परंतु मैदानावर खेळताना ओरडायला मुलांना नेमके तेच हवे असते, आणि २०२२ मध्ये मिझुकींचे निधन होईपर्यंत या प्रकाराकडे त्यांनी पोरखेळ म्हणून कधी पाहिले नाही.

दीड मिनिटाच्या या चौकटीने रचनेलाही वळण लावले. जपानी लोकप्रिय संगीतात गाण्याचे साधारण तीन टप्पे मानतात: बेताने कथन करणारा ‘ए-मेलो’, ताण वाढवत नेणारा ‘बी-मेलो’ आणि ज्यात सारे गाणे उसळून येते तो ‘साबी’. साबी हे एका परीने आपले ध्रुवपदच. फरक इतकाच की मराठी भावगीत ध्रुवपदापासून निघून अंतऱ्यामागून पुन्हा त्याच्याकडे येते, तर जपानी गाणे बहुधा दोन पायऱ्या चढून साबीपर्यंत पोहोचते. शीर्षकगीतात ही चढण एकदाच होते, त्यामुळे साबी संपला की लगेच कथा सुरू होणार हे मुलाच्या कानाला ठाऊक असते. काही रचनाकार साबीच आधी मांडून ही वाट उलटवतात, आणि १९९५ च्या ‘इव्हँजेलियन’च्या आरंभगीतात, योको ताकाहाशी यांचा स्वर प्रथम संथपणे येऊन नंतर ताल धावू लागतो, तेथे या उलटापालटीचा परिणाम चांगलाच जाणवतो.

ऐंशीच्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी या जागेची किंमत ओळखली, आणि नायकाचे नावही न घेणारी, स्वतंत्रपणे खपणारी गाणी मालिकांना जोडली जाऊ लागली. १९८७ च्या ‘सिटी हंटर’मध्ये टीएम नेटवर्क या गटाचे ‘गेट वाइल्ड’ हे समाप्तीगीत शेवटच्या प्रसंगातच हळूच सुरू होते आणि चित्र थिजते तेव्हा गाणे आधीच वेग घेऊन निघालेले असते, इतकी ती जुळणी बेमालूम आहे. संगीत म्हणून ही गाणी सरस ठरली यात वाद नाही, पण ती किशोरांची गाणी होती. मुलांच्या हातची पाटी तेवढ्यापुरती निसटलीच. ‘टच’ या बेसबॉलवरील मालिकेचे १९८५ चे शीर्षकगीत मात्र दोन्हीकडे रमले, आणि कोशिएन मैदानावरील आंतरशालेय स्पर्धांत वाद्यपथके ते खेळाडूंना चेतवण्यासाठी वाजवू लागली.

जपानबाहेर चित्रांचा प्रवास गाण्यांपेक्षा सोपा झाला, कारण संवादांप्रमाणे गाणेही स्थानिक भाषेत बदलून घेता येते. फिलिपिन्समध्ये १९७८ साली ‘व्होल्टेस फाइव्ह’चे मित्सुको होरिए यांनी गायिलेले गीत जपानीच राहिले; पुढच्याच वर्षी मार्कोस राजवटीने शेवटचे भाग दाखवण्यापूर्वी मालिकेवर बंदी घातली, आणि कथेचा शेवट न पाहिलेल्या पिढीजवळ अर्थ न कळणारे ते गाणे तेवढे उरले. भारतात नेमके उलट घडले. निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये निर्माण केलेली मोगलीची बावन्न भागांची मालिका दूरदर्शनवर रविवारी सकाळी हिंदीत आली, तेव्हा तिचे जपानी गीत बाजूला ठेवून गुलजार यांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांची चाल योजली गेली, तर शेरखानाला नाना पाटेकर यांचा आवाज मिळाला. ‘चड्डी’सारखा घरातला शब्द बेधडक वापरणाऱ्या त्या गीताने मालिकेचे परकेपण इतके पुसून टाकले की, त्या काळी महाराष्ट्रात वाढलेल्या अनेकांना ती जपानी होती हे मोठेपणीच कळले. अशा श्रोत्याला आज मूळ जपानी शीर्षकगीत ऐकवले, तर ते मूळच नक्कल वाटण्याचा संभव अधिक.