लॉकअपचे बटण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑपेरा हाउसच्या परिसरात मोटारींच्या सुट्या भागांची आणि लॅमिंग्टन रोडवर विजेच्या सामानाची बाजारपेठ असल्यामुळे, स्वयंचलित गिअरबॉक्सच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप स्वहस्ते लावण्यासाठी जे बटण, रिले, फ्यूज आणि तार लागते, ते सारे गिरगावकराला एका फेरीत मिळू शकते; परंतु साहित्य सुलभ असले म्हणून त्यामागचे ज्ञानही सुलभ असते असे नाही, आणि या लहानशा बटणाविषयी इतके गैरसमज रूढ झाले आहेत की त्यांचा क्रमाने परामर्श घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज : लॉकअप लावला की गाडीची ओढ वाढते.

वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. कन्व्हर्टरमध्ये एंजिनाबरोबर फिरणारा पंप तेलाला गती देतो, ते तेल समोरच्या टर्बाइनला फिरवते, आणि दोहोंच्या मध्ये बसवलेला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून त्याचा उरलेला जोर पुन्हा कामी लावतो. म्हणूनच उभी गाडी निघताना टर्बाइनला मिळणारा टॉर्क एंजिनाच्या टॉर्कच्या सुमारे दुप्पट असतो. वेग आल्यावर ही वाढ ओसरते आणि मागे उरते ती पंप व टर्बाइन यांच्या गतींतली थोडीशी तफावत, जी इंधन खाते आणि तेल तापवते. लॉकअपचा क्लच या दोहोंना एकत्र बांधून ती तफावत मिटवतो. त्यामुळे इंधनाची काटकसर होते, आणि बोरघाट उतरताना एंजिनाचा अवरोध चाकांपर्यंत अधिक पोहोचतो. ओढ मात्र वाढत नाही, उलट निघतेवेळची ती दुपटीची देणगी लॉकअपने गमावली जाते.

गैरसमज : तेलाच्या जोडीला असा पक्का यांत्रिक जोड देणे हा गल्लीतल्या मेकॅनिकांचा उपद्व्याप आहे.

वस्तुस्थिती अशी की ही कल्पना थोर अभियंत्यांच्या परंपरेतली आहे. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली जहाजांसाठी द्रवचलित जोडणीचे पेटंट घेतले, आणि १९४९ साली अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने आपल्या अल्ट्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये लॉकअपचा क्लच बसवला. आपल्याकडे रेल्वेतले अभियंते मनमोहन सुरी यांनी डिझेल एंजिनांसाठी जी योजना सिद्ध केली, तिच्यात निघताना टॉर्क कन्व्हर्टर आणि वेग आल्यावर थेट यांत्रिक जोड असा क्रम होता. १९६२ साली शांतिस्वरूप भटनागर पारितोषिकाचा बहुमान त्यांना मिळाला. १८७९ साली स्थापन झालेल्या परळच्या रेल्वे कारखान्यातही कालका–सिमला मार्गासाठी द्रवचलित डिझेल एंजिने बांधली गेली आहेत. आरंभाला तेल आणि वेगाला पोलाद, हा न्याय आगगाडीला जितका लागू, तितकाच मोटारीलाही लागू आहे.

गैरसमज : सोलेनॉइडला बारा व्होल्टची एक तार दिली की काम संपले.

लॉकअपचा क्लच लावणारी विजेची झडप, म्हणजे सोलेनॉइड, एरवी गाडीच्या संगणकाच्या हुकमाने चालते. काही गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइडचे अर्थिंग त्याच्या कवचातूनच होते आणि संगणक त्याला वीज पुरवतो. काहींत वीज कायम हजर असते आणि संगणक अर्थिंगची बाजू जोडतो. पहिल्या तऱ्हेत बटणातली वीज संगणकाच्या तारेत उलट शिरू शकते; दुसऱ्या तऱ्हेत अर्थिंगच्या बाजूला वीज दिली तर संगणकाच्या आतला भाग जळण्याची धास्ती असते. म्हणून त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा हाती घेतल्यावाचून तार तोडू नये; पाच पायांचा रिले असा जोडावा की बटण चालू असताना संगणकाची तार सोलेनॉइडपासून अलग होईल, आणि वीज फ्यूजमधूनच घ्यावी. सोलेनॉइड तुटल्याचा भास होऊन संगणक बिघाडाचा दिवा लावत असेल, तर त्याच्या तारेला योग्य मापाचा रोधक जोडण्याची तजवीज करावी लागते. ज्या नव्या गाड्यांत सोलेनॉइडला अखंड वीज न देता तुटक स्पंदांनी क्लचचा दाब कमीजास्त केला जातो, तिथे मात्र या साध्या बटणाचा विचारच सोडून द्यावा.

गैरसमज : ब्रेक दाबला की लॉकअप आपोआप सुटतो.

संगणकाच्या अमलात तो सुटतो, हे खरे; पण बटणाने संगणकाचा हुकूम बाजूला सारला की त्याची ती दक्षताही बाजूला सारली जाते. मग लालबागच्या गर्दीत गाडी थांबवताना, साध्या मोटारीत क्लच न दाबता ब्रेक लावल्यावर जे घडते तेच इथे घडू शकते, म्हणजे एंजिन धडपडून बंद पडते. यावर उपाय एकच : बटणाकडे जाणारी वीज अशा संपर्कातून न्यावी, जो ब्रेकच्या पायाखाली उघडतो. ब्रेकच्या दिव्याच्या तारेवर चालणाऱ्या दुसऱ्या रिलेचा, एरवी बंद असणारा संपर्क या कामी येतो. ही सोय ज्या जोडणीत नाही, ती कितीही नीटनेटकी दिसली तरी अपुरी समजावी.

गैरसमज : लॉकअपने तेल थंड राहते, म्हणून तो सदैव लावून ठेवावा.

स्थिर वेगाच्या लांब प्रवासात कन्व्हर्टरमधली उष्णता कमी होते, यात संशय नाही. परंतु चढावर, कमी वेगात, अ‍ॅक्सिलरेटर पुरता दाबलेला असताना क्लचवर त्याच्या धारणशक्तीपलीकडचा भार आला, तर तो घसरतो, त्याचे अस्तर जळते आणि जळका कचरा तेलाबरोबर साऱ्या गिअरबॉक्समध्ये फिरतो. वेग स्थिरावल्यावर लॉकअप लावावा, आणि जोराची ओढ घेण्यापूर्वी तो सोडावा. दादर ते परळ या रहदारीत त्याचा उपयोग जवळजवळ नाही. बटणाआधी तेलाचे तापमान दाखवणारा मापक बसवणे हाच शहाणपणाचा क्रम होय, कारण त्यावाचून लाभ झाला की हानी झाली हे कळण्यास मार्ग नाही.

संगणकाकडची ही मुखत्यारी आपल्या हाती घेणे गैर नाही. पण जो ती घेतो त्याच्यावर संगणकाच्या सावधगिरीचीही जबाबदारी येते, आणि म्हणून वायरमनकडून गाडी ताब्यात घेताना लॉकअप लागतो की नाही हे पाहण्याआधी, ब्रेकवर पाय पडताच तो सुटतो की नाही याची खातरजमा प्रत्येकाने करून घ्यावी.