अस्तराला वाचा फुटली तेव्हा

१९८० च्या नोव्हेंबरात ‘नेचर’ साप्ताहिकात चार पानांचा एक शोधनिबंध छापून आला. लेखक दोघे: न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट आणि त्यांचे सहकारी जॉन झावाड्झकी. प्रयोग सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवरचे होते आणि निष्कर्ष एका वाक्यात मावणारा होता. असिटिलकोलिन नावाच्या रसायनाने धमनी सैल पडते, पण तिच्या आतल्या बाजूचा पेशींचा एकपदरी थर शाबूत असेल तरच. या थराला एंडोथेलियम म्हणतात. मी इथे त्याला सरळ अस्तर म्हणणार आहे. तोवर रक्त आणि भिंत यांच्यामधला आडपडदा, यापलीकडे त्याला फारशी किंमत कुणी दिली नव्हती.

रक्ताचा प्रवाह आणि दाब नेमका कोण सांभाळतं, याचा शोध त्याआधी सव्वाशे वर्षं चालू होता. मज्जातंतू, स्नायू, मूत्रपिंड, सगळ्यांची दखल घेऊन झाली होती. रक्ताचा स्पर्श ज्या थराला क्षणोक्षणी होतो, त्याचा नंबर मात्र सगळ्यात शेवटी लागला.

रक्तवाहिनीच्या रुंदीला एवढं महत्त्व का, हे पॅरिसच्या प्वाझय नावाच्या डॉक्टरने १८४० च्या दशकात दाखवून दिलं. रक्तदाबाच्या कुतूहलातूनच तो बारीक काचनळ्यांतून पाणी सोडून मोजमापं घेत बसला आणि त्यातून त्याला नियम सापडला: नळीतून जाणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. उलट त्रिज्या जेमतेम पाचव्या हिश्शाने वाढली तरी प्रवाह दुप्पट होतो. शरीराची सगळी हिकमत या चौथ्या घातात आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं. ते कुणाला किती मिळायचं, हे केशवाहिन्यांच्या अलीकडच्या बारीक धमनिका ठरवतात. त्या म्हणजे तोट्या. मोठ्या धमन्यांत सरासरी नव्वद मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असलेला दाब या तोट्या ओलांडेपर्यंत तिसाच्या घरात येतो. सगळीकडच्या तोट्या एकदम आवळल्या तर मागे दाब चढतो, एकदम सैल पडल्या तर माणूस कोसळतो.

मग तोटी फिरवतं कोण? पहिलं उत्तर आलं मज्जातंतूंचं. १८५१ मध्ये क्लोद बर्नार याने सशाच्या मानेतला सहानुकंपी मज्जातंतू एका बाजूने कापला. कान थंड पडेल अशी त्याची अटकळ होती. तो लाल आणि गरम झाला. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार याने त्या कापलेल्या मज्जातंतूला विजेचा झटका दिला आणि कान पुन्हा फिका पडला. म्हणजे मज्जातंतू रक्तवाहिन्यांना सतत थोडं आवळून धरत असतात. तो ताबा सुटला की त्या फुलतात.

विसाव्या शतकात हेरिंग आणि हेमन्स यांनी या यंत्रणेचा दुसरा हात शोधला. मानेतल्या धमनीच्या फाट्यावर दाब जोखणारी जागा आहे आणि ती मेंदूला अखंड खबर देत असते. हेमन्सना १९३८ चं नोबेल मिळालं. म्हातारं माणूस पहाटे अंथरुणातून झटकन उठलं की चक्कर येते, ती ही खबर आणि तिची अंमलबजावणी वयाने मंदावल्यामुळे. उभं राहताच अर्धा लिटरहून अधिक रक्त पायांकडे उतरतं, आणि काही क्षणांत पायांतल्या आणि पोटातल्या वाहिन्या आवळल्या नाहीत तर डोळ्यांपुढे अंधारी येते.

दुसरं उत्तर मला जास्त मोलाचं वाटतं. १९०२ मध्ये लंडनच्या विल्यम बेलिस याने मज्जातंतूंचा संबंध तोडलेल्या धमन्या तपासल्या. आतला दाब वाढवला की धमनी ताणली जाऊन फुगायला हवी. ती उलट आकसत होती. ना मेंदूचा हुकूम, ना कसलं रसायन. भिंतीतला स्नायू ताण ओळखून स्वतःच प्रतिकार करत होता. आपला मेंदू रक्तदाबाच्या चढउतारात सुरक्षित राहतो, त्यात या गुणाचा मोठा वाटा आहे. पण पुढे कित्येक वर्षं बेलिसच्या या निरीक्षणाकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही. त्याच्याही आधी, १८९८ मध्ये स्टॉकहोमच्या टिगरस्टेट आणि बर्गमन यांना सशाच्या मूत्रपिंडात दाब चढवणारं रेनिन सापडलं होतं. ती कथा मोठी आहे आणि रक्तदाबावरच्या आजच्या कित्येक गोळ्या तिच्यातून निघाल्या आहेत, पण तिचा मार्ग वेगळा आहे.

मज्जातंतूंच्या उत्तराने रुग्णांना काय दिलं, हे पाहायचं तर मुंबईत यावं लागतं. १९४० च्या दशकात वाढलेल्या रक्तदाबावर धड औषध नव्हतं. मिठाशिवायचा भात हा एक उपाय होता, आणि पाठीच्या कण्यालगतचे सहानुकंपी मज्जातंतू कापून काढणं हा दुसरा. बर्नारने सशावर केलं तेच माणसावर. अशा काळात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ५० रुग्णांचा अभ्यास मांडला. औषध होतं सर्पगंधेचं मूळ. आपल्याकडे वैद्य ते पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते, कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्येच त्याचा रक्तदाबावरचा गुण लिहून ठेवला होता. वकिलांनी त्याला रुग्णाच्या खाटेशेजारी शिस्तीने मोजून पाहिलं आणि जगापुढे ठेवलं. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्या मुळातून रेसर्पिन वेगळं केलं. मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेलं नॉरअॅड्रेनलिन ते रिकामं करतं, त्यामुळे धमनिकांना आवळण्याचा हुकूमच पोचत नाही. काही रुग्णांना त्याने उदासी येई, पुढे चांगली औषधं आली आणि ते मागे पडलं. पण मज्जातंतू न कापता रक्तवाहिन्या सैल करता येतात, हे त्याने दाखवलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. आज मुंबईतसुद्धा त्यांचं नाव वैद्यकीय वर्तुळाबाहेर फारसं कुणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

आणखी एक औषध मात्र शंभर वर्षं या सगळ्या उत्तरांना हुलकावणी देत होतं. १८४७ मध्ये तुरीनच्या सोब्रेरो याने नायट्रोग्लिसरीन बनवलं आणि त्याचा कण जिभेवर ठेवताच त्याचं डोकं ठणकू लागलं. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेल याने तेच छातीच्या कळेवर वापरून ‘लॅन्सेट’मध्ये अनुभव लिहिले. डायनामाइटवर गडगंज झालेल्या आल्फ्रेड नोबेललाही अखेरच्या दिवसांत डॉक्टरांनी हेच लिहून दिलं होतं. आपल्याकडे छातीत दुखणारा माणूस खिशात सॉर्बिट्रेटची गोळी बाळगतो, ती याच कुळातली. जिभेखाली ठेवली की काही मिनिटांत रक्तवाहिन्या सैल पडतात. कशामुळे, हे ना देणाऱ्याला माहीत होतं ना घेणाऱ्याला. १९७७ मध्ये फेरिड मुराद यांनी दाखवलं की या औषधांतून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि तो स्नायूच्या पेशीतलं एक विकर जागं करतो. पण मोटारीच्या धुरात सापडणाऱ्या विषारी वायूचा आणि निरोगी शरीराचा संबंध काय, हे कोडंच राहिलं.

आता फर्चगॉट यांच्याकडे येऊ. १९५३ मध्ये त्यांनीच लिहिलं होतं की असिटिलकोलिन सशाच्या महाधमनीला आकसवतं. गंमत अशी की जिवंत प्राण्याच्या शिरेत तेच रसायन टोचलं की रक्तवाहिन्या फुलतात आणि दाब उतरतो. ही विसंगती सर्वांना ठाऊक होती आणि पंचवीस वर्षं तशीच पडून राहिली.

१९७८ च्या मे महिन्यात त्यांच्या प्रयोगशाळेत एका तंत्रज्ञाने ठरलेला क्रम मोडला. धमनीचा तुकडा औषधाने आवळून ठेवलेला होता. तो धुण्याआधीच त्याने असिटिलकोलिनचं भावंड असलेलं कार्बाकोल टाकलं. तुकडा आणखी आकसायला हवा होता. तो सैल पडला. अशी चूक झाली की बहुतेक जण तुकडा फेकून नव्याने सुरुवात करतात. फर्चगॉट तेव्हा साठी ओलांडलेले होते, आणि ते थांबले. फरक कुठे आहे? पूर्वी ते धमनी मळसूत्रासारखी गोल गोल चिरून तिची पट्टी बनवत. या वेळी आडवी कापलेली कडी होती. पट्टी तयार करताना आतली बाजू बोटाला, कागदाला कुठेतरी घासली जाई आणि अस्तर निघून जाई. कडीत ते शाबूत राहत होतं. खात्री करायला त्यांनी कडीची आतली बाजू मुद्दाम हलकेच घासली, आणि सैल पडणं बंद झालं.

म्हणजे पंचवीस वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत शोधायची गोष्ट स्वतःच्याच हातांनी पुसली जात होती. अस्तर निरुपयोगी आहे असं कुणी सिद्ध केलं नव्हतं. त्याची कुणाला आठवणच नव्हती. उशिराचं कारण मला यातच दिसतं.

यापुढचा प्रयोग मला सगळ्यात देखणा वाटतो. अस्तर काढलेली पट्टी त्यांनी अस्तर असलेल्या पट्टीला तोंडाला तोंड लावून बांधली. एकटी असताना असिटिलकोलिनने आकसणारी पट्टी आता सैल पडू लागली. शेजारच्या अस्तरातून काहीतरी झिरपून तिच्यापर्यंत पोचत होतं.

ते काहीतरी काय, याचा शोध पुढे सहा-सात वर्षं चालला, कारण ते काही सेकंदांतच नाहीसं होई. १९८६ च्या जुलैत अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या परिषदेत फर्चगॉट आणि लुई इग्नारो या दोघांनी स्वतंत्रपणे एकच नाव घेतलं: नायट्रिक ऑक्साइड. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या साल्व्हाडोर मोन्काडा यांच्या गटाने तो वायू अस्तराच्या पेशींतून निघताना प्रत्यक्ष मोजून दाखवला. अस्तर हा वायू आर्जिनिन या अमिनो आम्लापासून तयार करतं, तो शेजारच्या स्नायूत शिरतो आणि स्नायू सैल होतो. नायट्रोग्लिसरीनचं कोडंही इथेच सुटलं. गोळी बाहेरून जे देते ते रक्तवाहिनी जन्मभर स्वतःच बनवत असते.

यातली खरी मौज घासण्यात आहे. धावताना पोटरीचा स्नायू ऑक्सिजन झपाट्याने संपवतो, तिथे साचणाऱ्या पदार्थांनी जवळच्या धमनिका उघडतात आणि रक्त जोरात वाहू लागतं. पण वरच्या मोठ्या धमनीला ही गरज कशी कळावी? वेगाने जाणारं रक्त तिच्या अस्तराला घासतं, अस्तर ते ओळखून नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी रुंदावते. आवळण्याचं कामही अस्तराला येतं, हे १९८८ मध्ये जपानच्या त्सुकुबा विद्यापीठात यानागिसावा आणि सहकाऱ्यांनी एंडोथेलिन शोधून सिद्ध केलं.

रुग्णांच्या दृष्टीने महत्त्वाचा निबंध बॉस्टनचा, १९८६ चा. डॉक्टरांनी नळी घालून माणसांच्या हृदयाच्या धमन्यांत थेट असिटिलकोलिन सोडलं. निरोगी धमन्या फुलल्या. चरबीचे थर बसलेल्या धमन्या आकसल्या, अगदी १९५३ च्या त्या पट्ट्यांसारख्या. अस्तर जागेवर असूनही मुकं झालं होतं. १९९२ मध्ये सेलरमायर आणि सहकाऱ्यांनी तीच तपासणी शस्त्राविना करून दाखवली. हातावर रक्तदाबाचा पट्टा काही मिनिटं आवळायचा, मग सोडायचा आणि उसळून आलेल्या रक्ताने दंडातली धमनी किती रुंदावते हे सोनोग्राफीत मोजायचं. धूम्रपान करणाऱ्या तरुणांत ती फारशी रुंदावली नाही. कसलीही तक्रार नसलेली ही माणसं होती. १९९६ मध्ये याच गटाने दाखवलं की इतरांच्या सिगारेटच्या धुरात वर्षानुवर्षं वावरलेल्या तरुणांचीही हीच गत असते.

१९९८ चं वैद्यकाचं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. मोन्काडा वगळले गेले. एका पारितोषिकात तिघांपेक्षा जास्त नावं बसत नाहीत हा नियम खरा, पण १९८७ च्या त्या मोजमापाशिवाय परिषदेतली घोषणा तर्कच राहिली असती, असं मला आजही वाटतं. पुढच्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत तोच वायू औषध म्हणून मान्य झाला. फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या जन्मानंतरही आवळलेल्याच राहिलेल्या नवजात बाळांना तो दहा लाखांत वीस भाग इतक्या विरळ प्रमाणात श्वासातून दिला जातो.