नातवंडांना एक प्रश्न विचारा

घरातील नातू किंवा नात महाविद्यालयात जात असेल, तर आज संध्याकाळी सहज विचारा, ‘तुझ्या वर्गातून बाहेर पडायला दुसरा जिना कोठे आहे?’ बहुधा उत्तराऐवजी हसू मिळेल.

महाविद्यालयांत प्रथमोपचाराची प्रात्यक्षिके दाखवताना हेच हसू मला भेटते. ही मुले बेफिकीर नसतात. रक्तदानासाठी तीच रांगा लावतात. मात्र संकट आपल्यावर येणार नाही आणि आलेच तर कोणी मोठे माणूस धावून येईल, अशी त्यांची समजूत असते. कोयनेचा १९६७ चा आणि किल्लारीचा १९९३ चा भूकंप, दोन्ही पहाटेच्या झोपेत आले. हे आपल्याला आठवते. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

एका प्रात्यक्षिकानंतर एक मुलगा मागे थांबला. म्हणाला, ‘डॉक्टर, आजोबा कोसळले तेव्हा घरी मी एकटाच होतो. बाबा येईपर्यंत मी त्यांना वारा घालत बसलो.’ छाती दाबली असती तर आजोबा वाचलेच असते, असे कोणालाही सांगता येणार नाही. दोष त्याचा नव्हता. त्याला ते शिकवलेच गेले नव्हते.

हृदय अचानक थांबले, तर साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि त्याचा श्वास नेहमीसारखा चालत नसेल, तर लगेच १०८ किंवा ११२ वर फोन करावा. मग त्याला कठीण पृष्ठभागावर उताणे निजवून, छातीच्या मध्यभागी तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. मदत पोहोचेपर्यंत थांबू नये. या कामाला विशीतले हात हवेत.

म्हणून नातवंडांना महाविद्यालयातील प्रशिक्षणाला आग्रहाने पाठवा. परतल्यावर उशीवर करून दाखवायला सांगा. जिवंत माणसावर सराव नको. आपण आपल्या औषधांची यादी, घराचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण कागदावर लिहून दाराजवळ लावा. घाबरलेल्या मुलाला फोनवर ते वाचून सांगता येईल.

आणि दुसऱ्या जिन्याचा प्रश्न पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.