अदृश्य उष्णतेची वाटचाल

पौषांतली निरभ्र रात्र जितकी बोंचते, तितकी ढगाळ रात्र बोंचत नाहीं, हा अनुभव घरोघरचा आहे. सूर्यापासून मिळालेली उष्णता पृथ्वी अहोरात्र अवरक्त किरणांच्या रूपानें आकाशांत परत टाकीत असते. या अदृश्य किरणांची वाट ढग अडवितात. परंतु ढग नसतांही ती वाट सर्वस्वीं मोकळी नसते.

कोरड्या हवेचा सुमारें ९९ टक्के भाग नत्रवायु व प्राणवायु यांचा. ते या किरणांस जवळजवळ मुळींच अडवीत नाहींत. जॉन टिंडाल यांनीं १८५९ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें नळींत निरनिराळे वायु भरून त्यांतून उष्णतेचे किरण सोडले. तेव्हां हवेंत अल्प असणारी पाण्याची वाफ आणि कर्बवायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, यांच्याच अंगीं ही शोषणशक्ति असल्याचें दिसून आलें.

पुढें एक शंका उपस्थित झाली. स्वीडनमधील क्नुट अँग्स्ट्रॉम यांनीं १९०० सालीं असें प्रतिपादिलें कीं, कर्बवायूनें शोषावयाचे किरण आहे तेवढाच वायु शोषून टाकतो. मग तो वाढल्यानें काय होणार? हा युक्तिवाद पुष्कळांस दीर्घकाळ बिनतोड वाटला.

त्यांत उणें काय होतें? हवा हा एकच पडदा नव्हे. ती थरांवर थर अशी आहे. शोषलेली उष्णता रेणूंच्या टकरींनीं भोंवतालच्या हवेंत वांटली जाते, आणि तो थर आपल्या उष्णतामानाप्रमाणें पुन्हां किरण सोडतो, कांहीं वर, कांहीं खालीं. हें देणेंघेणें चालतां चालतां अखेर हवा इतकी विरळ होते कीं, तेथून सुटलेले किरण अवकाशांत निसटतात. पृथ्वीच्या उष्णतेचा खर्च मुख्यतः या उंचीवर पडतो. कर्बवायु वाढला म्हणजे ही उंची वर सरकते. तेथील हवा अधिक थंड, आणि थंड थर किरण कमी सोडतो. जमा तीच, खर्च कमी. म्हणून जमाखर्च पुन्हां जुळेपर्यंत भूपृष्ठ तापत जातें. गिल्बर्ट प्लास यांनीं १९५६ सालीं हें थराथराचें गणित गणकयंत्राच्या साहाय्यानें मांडून दाखविलें.

हे वायु नसते तर पृथ्वीचें सरासरी उष्णतामान सुमारें १५ अंशांऐवजीं उणें १८ अंश सेल्सिअस असतें. तेव्हां हें पांघरूण हवेंच. प्रश्न त्याच्या जाडीचा आहे. कारखान्यांच्या युगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बवायु सुमारें २८० भाग होता; २०२४ सालीं तो ४२० भागांहून अधिक झाला होता.